चारशे सतराची रजा

स्क्रीनवर लिहून आलं होतं: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? माझं बोट एंटरवर होतं आणि आबा दारात येऊन उभे राहिले.

"भिंगरी, चार्टचं घेतलंस ना काढून?"

"घेतलं."

"मास्टर लिस्ट?"

"घेतली."

"गाड्यांच्या वेळा?"

"आबा, सगळं घेतलंय. सकाळपासून चौथ्यांदा सांगतेय."

"रजेचं रजिस्टर?"

आता हे रजेचं रजिस्टर कुठे असतं ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या प्रोग्रामचा एक फोल्डर होता, तो मी अख्खाच्या अख्खा पेनड्राइव्हवर उचलला होता. त्यातच असणार, दुसरीकडे कुठे जाणार? थांबून एकदा उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण कुणी मागे उभं राहून विचारत राहिलं की माझं डोकं फिरतं.

"हो हो, तेही घेतलं," मी म्हटलं आणि एंटर दाबलं.

एक निळी पट्टी हळूहळू सरकायला लागली. आबा ती बघत राहिले.

"तीनच्या आत होईल?"

"होईल."

"शुक्रवार आहे म्हणून विचारलं."

जसं काही मला माहीतच नव्हतं.

आमच्या घरात शुक्रवारी तीन वाजता ड्युट्या लागतात. बाकीच्यांचे आजोबा पत्ते खेळतात, नाहीतर बागेत जाऊन सरकारला शिव्या देतात. आमचे आबा ड्रायव्हरांना पुढच्या आठवड्याची कामं वाटून देतात. बत्तीस वर्षं ते बस डेपोत ड्युटी क्लार्क होते. कुठली गाडी कोण नेणार, कुणाची सुट्टी कधी, कुणी आजारी पडला तर बदली कोण, सगळं त्यांच्या टेबलावरून व्हायचं. आधी रेघा मारलेल्या वहीत. मग ट्रेनिंगला आलेल्या एका मुलाने त्यांना काळ्या स्क्रीनचा एक प्रोग्राम बनवून दिला. त्या मुलाचं आबा अजून कौतुक करतात. माझं कधी केलेलं मला तरी आठवत नाही.

आबा रिटायर झाले त्याच महिन्यात डेपोत नवी सिस्टीम आली आणि जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले. आबांनी रीतसर अर्ज केला, तीन प्रतींत, आणि आपल्या टेबलावरचा डबा मांडीवर घेऊन घरी आले. तेव्हा तो पांढरा होता. आता दातांसारखा पिवळा झालाय. पुढच्याच शुक्रवारी तीन वाजता ते त्याच्यासमोर बसले, आणि तेव्हापासून एक शुक्रवार चुकवला नाही. तापात पण नाही. चार्ट छापून निघाला की दाराच्या मागच्या खिळ्याला लागतो. तो बघायला एकही ड्रायव्हर येत नाही, हे सांगायला नकोच.

खोटा खेळ, पण नियम एकदम कडक. कुणी रिटायर झाल्याचं कळलं की आबा त्याला यादीतून काढतात. कुणी वारला तर त्यालाही काढतात, आणि त्या दिवशी जेवताना बोलत नाहीत. दोनशे बारा माणसं होती, आता एकशे साठच्या आसपास उरलीत. गाड्या मात्र तेवढ्याच. त्यामुळे दर आठवड्याला आबा कपाळाला हात लावून म्हणतात, "यंदा फार ओढाताण आहे गं. माणूसच नाही."

डेपोत नावं चालत नाहीत, बिल्ल्याचे नंबर चालतात. घरी पण तेच. "तीनशे बारा भेटला होता, फार वाळलाय." "एकशे नव्याण्णवच्या सुनेला मुलगी झाली." आई एकदा वैतागून म्हणाली, "आबा, घरात तरी माणसांना नावं ठेवा की!" त्यावर आबा शांतपणे म्हणाले, "नावं ठेवायला तू आहेस ना."

तर हा कॉम्प्युटर. सिस्टीम बदलायची भानगड माझ्यामुळे निघाली. मी गेल्या वर्षी शाळा सोडली. एका बाईंनी अख्ख्या वर्गासमोर माझ्या आईच्या कामाबद्दल काहीतरी म्हटलं, मी डस्टर फेकलं, त्यांना लागलं नाही, एवढं पुरे. नंतर दोन दुकानांत टिकले नाही. आता घरी बसून कंपनीचे फॉर्म भरायचं काम मिळालं होतं, सोमवारपासून. पण त्यांचा प्रोग्राम आमच्या म्हाताऱ्या सिस्टीमवर चालायला तयार नव्हता. आई लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, संध्याकाळी माझं. ती म्हणाली, "हे तरी धड कर गं बाई." रिपेअरवाल्या दादाने पेनड्राइव्हवर एक नवी, हलकी सिस्टीम टाकून दिली. आबांना विचारलं तेव्हा त्यांनी डब्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "तुझं काम आधी. फक्त माझं चार्टचं तेवढं राहू दे."

म्हणजे मागितलं होतं त्यांनी एवढंच.

दोन वाजता नवी सिस्टीम उभी राहिली. छान निळा पडदा, गोल गोल चित्रं. मी पेनड्राइव्हवरून आबांचा फोल्डर परत आणला, दोनदा क्लिक केलं. ढिम्म. परत केलं. ढिम्म. टेबलाला लाथ घातली, मग दादाला फोन केला.

"तो प्रोग्राम मागच्या जन्मातला आहे," दादा म्हणाला. "नव्या सिस्टीमला त्याची भाषाच कळत नाही. थांब, एक छोटं सॉफ्टवेअर पाठवतो. ते जुन्या मशीनचं सोंग घेतं. त्याच्या आत तो चालेल."

तीनला पाच कमी असताना पडद्याच्या मधोमध एक काळी खिडकी उघडली आणि तिच्यात पांढरा चौकोन लुकलुकायला लागला. मी ओरडलेच. आबा आतून आले. केस ओले करून विंचरलेले, खिशाला पेन. शुक्रवारी ते असेच बसतात, ऑफिसात आल्यासारखे.

"चालला?"

"चालला म्हणजे काय, बघा तरी!" मला एवढा आनंद झाला होता की ते खुर्चीवर बसायचीसुद्धा मी वाट पाहिली नाही. चार्ट बनवायचं बटण मला पाठ होतं. दाबलं. मास्टर लिस्टमधले नंबर भराभर वरून खाली पळाले. मग छापायचं बटण. जुना प्रिंटर खाकरला आणि करकर करत कागद बाहेर ढकलायला लागला. मी तो फाडून आबांच्या हातात दिला. "घ्या. तीन वाजायच्या आत."

आबा चार्ट बोटाने वाचतात. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. शनिवारच्या पहिल्या रकान्यात त्यांचं बोट खाली आलं आणि थांबलं. मला वाटलं चष्मा पुसतील. पण बोट तिथून हललंच नाही. नखाखालचं मांस पांढरं पडलं होतं, एवढं दाबून धरलेलं.

"याला कुणी लावलं?"

"कुणाला?"

"चारशे सतरा. शनिवार. पाच-चाळीस."

"प्रोग्रामने लावलं. मी कशाला लावू?"

"रजेचं रजिस्टर उघड."

उघडलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: एकूण नोंदी शून्य.

मी फोन घेऊन बाहेर गेले. दादा म्हणाला, "ते रजिस्टर वेगळीकडे असणार. त्या काळी लोक असलंच करायचे, फाइल थेट सिस्टीमच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकायचे. तू डिस्क पुसलीस ना? मग गेलं. नाही मिळायचं आता."

परत आत आले तर आबा पलंगाच्या कडेला बसलेले, कागद मांडीवर.

"गेलं, आबा."

"तू म्हणालीस, घेतलंय."

एवढंच म्हणाले. आवाज पण नाही चढवला. चढवला असता तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्यांशी बोलता येतं.

"मग काय झालं?" मीच ओरडले. "काय बिघडलं एवढं? कोण बघतं तुमचा चार्ट? खोट्या गाड्या, खोट्या ड्युट्या, कुणाला तरी माहीत आहे का डेपोत? एका माणसाची रजा पुसली गेली तर काय गाडी उभी राहणार आहे?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार आपटलं.

तिथे पाणी प्यायले. दुसरा ग्लास प्यायले. आमच्या फळीवर डब्यांखाली कागद अंथरलेले असतात, आई जुने चार्टच वापरते, पाठकोरे वाया कशाला घालवायचे म्हणून. साखरेच्या डब्याखालून एक कोपरा लोंबत होता. सवयीने मी तो सरळ करायला गेले आणि नंबर दिसला. ४१७. पुढे शनिवारच्या रकान्यात: रजा. बाकी दिवशी त्याची ड्युटी कुठेच नव्हती, सगळीकडे रजाच.

मी डाळीचा डबा उचलला. त्याच्या खालचा कागद दोन वर्षांपूर्वीचा. ४१७, रजा. पिठाचा डबा. ४१७, रजा. माठाखालचा कागद ओला होऊन विरला होता, तरी वाचता आलं. रजा. मी सगळी फळी रिकामी केली. सगळ्यात खालचा कागद पिवळा पडलेला, आबा रिटायर झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातला. रजा. मी आठ वर्षं या डब्यांमधून साखर काढून खात होते आणि हा माणूस खाली होता.

फळीवरचं सामान तसंच ओट्यावर टाकून मी बाहेर आले.

"आबा, चारशे सतरा कोण?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"वारला," म्हणाले.

"मग काढला का नाही? बाकीचे वारतात त्यांना काढता."

"डेपोने काढला होता. मी घरी आल्यावर परत टाकला." कागदाला घडी घातली, परत उलगडली. "बाकीचे आपापले गेले गं. याला मी पाठवला."

मग त्यांनी सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी. मध्येच म्हणायचे, तो पंखा जरा कमी कर. त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. एका शुक्रवारी चारशे सतरा खिडकीशी आला. शांत माणूस, कधी तक्रार नाही. त्याची पहाटेची पाच-चाळीसची गाडी असायची, टेकडीवरच्या गावाची. म्हणाला, साहेब, उद्याची रजा पाहिजे.

"मी विचारलं, कारण? म्हणाला, घरी काम आहे. मी म्हटलं, घरी काम सगळ्यांनाच असतं. तेव्हा माझ्याकडे आधीच तिघं रजेवर होते, एक आजारी. मी म्हटलं, नीट कारण सांग, मग बघू. तो उभा राहिला थोडा वेळ. खिडकीच्या कठड्यावर बोटाने असं असं करत. मग म्हणाला, राहू दे साहेब. येतो."

"आणि?"

"आणि आला. वेळेवर आला. धुकं होतं. वळणावर खडीचा ट्रक उभा होता, दिवे नाहीत, काही नाही." आबांनी तळहात पुढे केला, जसं काही ट्रक तिथेच समोर होता. "गाडीत सातच माणसं होती. बाकी सगळी वाचली."

"तुमचा काय दोष त्यात?"

"कुणीच दोष दिला नाही. चौकशीला तीन साहेब आले. मला एकच प्रश्न विचारला: ड्युटी नियमानुसार लावली होती का? मी म्हटलं, हो. त्यांनी लिहून घेतलं, मला म्हणाले, बसा, चहा घ्या." आबा हसल्यासारखे झाले. "चहा घेतला मी."

"काय काम होतं त्याच्या घरी?"

"तेच तर. मी विचारलं नाही."

त्या रजिस्टरात काय होतं ते मला तेव्हा कळलं. नुसती रजा टाकून प्रोग्राम पुढे जात नाही, कारण लिहावं लागतं. आबा दर शुक्रवारी चारशे सतराच्या वतीने कारण लिहायचे. आठ वर्षं, चारशेच्या वर कारणं. दाढ दुखते. छप्पर गळतं. मुलीचा शाळेत प्रवेश. मुलीला गोवर. बायकोला माहेरी सोडायला. मुलीचा निकाल. डोळ्याचं ऑपरेशन. घराला रंग. एकच कारण परत चालायचं नाही, म्हणे. मुलगी होती का त्याला, मी विचारलं. "माहीत नाही," आबा म्हणाले. "पण माझ्या रजिस्टरात यंदा तिचं लग्न ठरत होतं."

आणि मी एंटर दाबलं होतं.

मी रडत नाही सहसा. तेव्हाही रडले नाही, पण खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. "सांगा," मी म्हटलं. "आठवतील तेवढी सांगा, मी सगळी परत टाकते. रात्रभर टाकते."

"ती राहू देत. झालेल्या रजा झाल्या. उद्याचं बघ."

"उद्याचं म्हणजे हा कागद ना? फाडून टाकू." मी हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट पकडलं. आबांच्या हातात एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"त्या दिवशीचा चार्ट मी संध्याकाळी फाडला होता," ते म्हणाले. "त्याने काय झालं?"

मग मनगट सोडून, एकदम ऑफिसातल्या आवाजात, त्यांनी मला नियम सांगितला. चार्ट छापून निघाला की तो हुकूम. तो मागे घेता येत नाही. त्यानंतर रजा द्यायची झाली तर वेगळी चिठ्ठी काढायची, ती क्लार्कने स्वतः त्या माणसाच्या हातात द्यायची आणि पोचल्याची सही घ्यायची. नाहीतर त्याला कळणार कसं? पहाटे उठून तो येणारच.

"आबा, तो येणार नाहीये."

"कळतं मला. वेडा झालो नाही मी अजून." थांबले. "आठ वर्षांत एकदाही त्याच्या नावावर पाच-चाळीस लागू दिली नव्हती. आज कागद निघालाय, भिंगरी. छापून निघालाय."

दुपारचे साडेतीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन, शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू. आणि मला खरंच असं वाटलं की कुठेतरी एक माणूस उद्याचा डबा काय न्यायचा ते बायकोला सांगतोय.

रजेचं पान उघडलं. नंबर टाकला, उद्यापासून आठवडाभराच्या तारखा टाकल्या. कारणाच्या रकान्यात चौकोन लुकलुकत राहिला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, तेही चाळीस अक्षरांच्या आत. मी बोटं ठेवून बसले. मागून आबांचा श्वास ऐकू येत होता. त्यांना एवढी कारणं सुचली होती, आज एक सुचत नव्हतं.

"घरी काम आहे," शेवटी ते म्हणाले. "तेच लिही."

लिहिलं. प्रोग्रामने विचारलं, मंजूर का? मी बाजूला सरकले. आबांनी वाकून स्वतः बटण दाबलं. प्रिंटरने चार ओळींची चिठ्ठी काढली. खाली एक रिकामी रेघ, सहीसाठी.

संध्याकाळी आई आली. ओट्यावरचे डबे बघितले, उघडी फळी बघितली, आबांकडे बघितलं. तिला माहीत होतं म्हणजे. मला वाटलं आता माझी पूजा बांधली जाणार. पण ती डबे परत लावता लावता फक्त म्हणाली, "सकाळी एकटे नको जाऊ देऊस त्यांना."

पहाटे पाचला आम्ही डेपोच्या फाटकाशी होतो. पिवळे दिवे, डिझेलचा वास, आत कुठेतरी एक गाडी चालूच होईना, नुसती घरघरत होती. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वॉचमन जुना निघाला, त्याने स्टुलावरून उठून सलाम ठोकला.

"साहेब! इतक्या सकाळी? रस्ता चुकलात का काय?"

"एक काम होतं. ड्युट्या आता कुठे लागतात?"

"कुठे नाही. मोबाइलवर येतात. मशीनच लावतं."

"आणि रजा?"

"ती पण त्यातच. कारणांची यादी येते, त्यातलं एक दाबायचं. आजार, लग्न, मयत..."

"घरी काम आहे, असं आहे त्यात?"

वॉचमनने डोकं खाजवलं. "'इतर' असं आहे."

"इतर," आबा म्हणाले. आणि परत एकदा, हळू, "इतर."

ड्रायव्हर यायला लागले. कुणी सायकलवर, कुणी चालत, हातात डबे, डोळ्यांत झोप. फाटकाजवळ एक सिमेंटचा बाक होता, त्याच्यासमोरूनच सगळे आत जायचे. आबा उभे राहून एकेकाच्या छातीवरचा बिल्ला बघत होते. लोक जरा बिचकायचे, मग पुढे जायचे. दोघांनी ओळखलं, वाकून नमस्कार केला, आबांनी त्यांच्या नंबराने विचारपूस केली आणि लगेच त्यांच्या खांद्यावरून मागे बघायला लागले. मी पण बघत होते. खरं सांगते, मला लाज वाटली नाही. लांबून कुणी येताना दिसला की मीही बिल्ला वाचायला पुढे वाकत होते.

पाच-चाळीसची गाडी फलाटाला लागली. टेकडीवरच्या गावाची पाटी. ड्रायव्हर कोवळाच होता, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, कानात गाण्याची दोरी. आबा त्याच्या खिडकीखाली गेले.

"किती नंबर, बाळ?"

"हजार अठ्ठावीस. का हो आजोबा?"

"काही नाही. दिवे लावून जा. सावकाश जा."

"रोजचाच रस्ता आहे," तो हसून म्हणाला, पण त्याने कानातली दोरी काढली आणि दिवे लावले. गाडी फाटकातून वळून गेली. आबांनी घड्याळ बघितलं. तीन मिनिटं उशीर. ते येऊन बाकावर बसले. चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर तळहात.

"नाही आला," मी म्हटलं.

"नाही आला."

"मग सुटलो ना आपण? गाडी गेली, त्याच्याशिवाय गेली." माझा पाय हलायला लागला. मला बसवत नाही एका जागी. "आबा, द्या ती इकडे. मी करते सही. कुणाला कळणार आहे?"

"दुसऱ्याची सही करायची नसते."

"मग काय करायचं?"

"थांबू थोडं. काही जण उशिरा येतात."

उजाडत होतं. दिवे एकेक करून विझले, झाडणारी बाई आली, आमच्या पायाखालून कचरा काढताना तिने पाय वर घ्यायला लावले. आबांनी निमूटपणे घेतले. ती गेल्यावर ते बाकावर जरा सरकले, उजवीकडे एका माणसापुरती जागा झाली. मला वाटलं माझ्यासाठी. मी जाऊन तिथे बसायला लागले.

"तिथे नको," आबा म्हणाले. "अशी इकडून बस."

मी वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.